अठरा रुपयांची फोड

स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवाव्यात, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा प्रथम मनात आले की आपल्या शाळेविषयी इतर माजी विद्यार्थी जे लिहितील तेच मीही लिहीन. पहाटेची वंदना, थंडीत हौदाच्या पाण्याने केलेली आंघोळ, पत्र्याच्या पेटीला लावलेले छोटे कुलूप, रविवारी भेटायला येणाऱ्या आईवडिलांची वाट पाहत फाटकाशी उभे राहणे. हे सारे खरे आहे आणि ते लिहिणारे माझ्याहून चांगले लिहितील. मी मात्र बीजगणितातील एका पद्धतीविषयी लिहिणार आहे. तीस वर्षे इतिहास शिकवणाऱ्या बाईने गणिताकडे का वळावे, असे वाटणाऱ्यांनी थोडा धीर धरावा.

१९८३ साली मी नववीत होते. पहिल्या सत्राच्या अखेरीस सरांनी 'एकसामयिक समीकरणे' हा धडा घेतला. दोन अज्ञात राशी, दोन समीकरणे, आणि दोन्ही एकाच वेळी खरी ठरतील अशा किमती शोधायच्या. आमचे गणिताचे सर संध्याकाळी वसतिगृहातच राहत, त्यामुळे त्यांचा तास घंटेबरोबर कधी संपत नसे. जेवणाच्या पंगतीतही ते विचारीत, "क्षची किंमत काढलीस का?" आणि आमटी वाढणारी मुलगी गडबडून जाई.

त्यांची शिकवण्याची रीत अशी होती. ते म्हणत, तुम्हाला दोन माणसे ओळखायची आहेत आणि दोघेही अनोळखी आहेत. मग पहिल्या समीकरणाकडे जा आणि त्याला विचारा, 'क्ष कोण?' ते म्हणेल, 'क्ष म्हणजे अठरातून य वजा केला की जे उरते ते.' ही अर्धीच ओळख झाली, कारण ती यच्या आधाराने सांगितलेली आहे. पण ती अर्धी ओळख घेऊन दुसऱ्या समीकरणाच्या दारात जा. तिथे जिथे जिथे क्ष बसला असेल, तिथून त्याला उठवा आणि त्याच्या जागी ही ओळख बसवा, कंसात. आता त्या घरात एकटा य राहिला. एकटा माणूस नाव लपवू शकत नाही.

कंसावर सरांचा भारी कटाक्ष असे. क्षच्या मागे तीन असेल तर तो तीन कंसातल्या प्रत्येकाला गुणायचा. अठराला गुणले आणि यला विसरले, की उत्तर बिघडलेच. "पंगतीत पहिल्याला वाढून दुसऱ्याला वगळता का?" असे ते विचारीत, आणि आमच्या वसतिगृहात या प्रश्नाला एकच उत्तर असू शकत होते.

दुसरा इशारा ते याहून गंभीरपणे देत. ज्या समीकरणातून किंमत काढली, त्याच समीकरणात ती परत ठेवू नका. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने एकदा नेमके तेच केले. क्ष अधिक य बरोबर अठरा, म्हणून क्ष बरोबर अठरा वजा य, आणि ते पुन्हा पहिल्याच समीकरणात. य आला आणि यनेच कापला गेला. खाली उरले, अठरा बरोबर अठरा. तिला वाटले गणित सुटले. दोन्ही बाजू समान आल्या की! सर हसले नाहीत. म्हणाले, "खोटे काहीच लिहिले नाहीस. पण नवे काय कळले?"

दिवाळीच्या सुट्टीला मी घरी गेले. आमचे गाव करवीर तालुक्यातले, नदीकाठचे. उसाचे रान आणि गुऱ्हाळघरे यांचा तो मुलूख. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले नाही, अशा आजच्या मुलांसाठी थोडे सांगते. चरकात ऊस घालून रस काढतात, तो मोठ्या काहिलीत ओतून उकळतात, वर येणारी मळी काढून टाकतात, मळी सुटावी म्हणून भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. काहिलीपाशी गुळव्या उभा असतो; पाक कधी उतरवायचा हे केवळ त्याची नजर ठरवते. खाली चुलाणात जळण म्हणून उसाची वाळलेली चिपाडे सारतात. ही चिपाडे ओली असतात तेव्हा चरकापासून उचलून रानात नेऊन पसरणे, उलटणे, वाळली की गोळा करून चुलाणाशी आणणे, हे काम बायकांचे. माझी आई ते करी. बाबा चरकाला ऊस लावीत. कोल्हापुरी गुळाची ढेप ज्यांनी ज्यांनी घरी नेली असेल, त्यांच्या घरी या वाळलेल्या चिपाडांचा थोडा धूर गेलेला आहे.

हिशेब आठवड्याला होई आणि पैसे बाबांच्या हाती पडत. दोघे सहा दिवस गेले तर एकशे आठ रुपये, एखाद्या आठवड्यात पाचच दिवस काम लागले तर नव्वद. म्हणजे दोघांचे मिळून रोज अठरा. कोणाचे किती, हे कोणी सांगत नसे आणि आईने कधी विचारलेही नव्हते. अठराचे निम्मे नऊ, इतका सरळ हिशेब तिच्या मनात होता. सकाळी दोघे बरोबर निघत, अंधार पडल्यावर बरोबर परतत. मग निम्मे नाही तर काय?

त्या सुट्टीत बाबांना ताप आला. आठवड्यातले तीनच दिवस ते जाऊ शकले, आई सहाही दिवस गेली. शनिवारी रात्री तिने बहात्तर रुपये माझ्यासमोर ठेवले. ती कधी शाळेत गेली नव्हती, पण तोंडी हिशेबात तिला कोणी फसवू शकत नसे. तिच्या मते बाबांचे तीन दिवसांचे सत्तावीस आणि तिचे सहा दिवसांचे चोपन्न, असे एक्क्याऐंशी व्हायला हवे होते. "नऊ रुपये कापल्यात बघ," ती म्हणाली. "सोमवारी जाऊन इचारत्ये. पर आधी तू एकदा मांड. तुमच्या साळंतल्या रीतीनं."

शाळेतल्या रीतीने मांडायचे म्हणजे काय, हे मला त्या क्षणी उमगले. बाबांचा रोज क्ष, आईचा रोज य. सहा क्ष अधिक सहा य बरोबर एकशे आठ. सहाने भागले की क्ष अधिक य बरोबर अठरा. आणि या आठवड्याचे, तीन क्ष अधिक सहा य बरोबर बहात्तर. क्ष म्हणजे अठरा वजा य. ते दुसऱ्यात ठेवले. आणि घाईत मी तीच चूक केली. तीनाने अठराला गुणले, यला विसरले. चोपन्न वजा य अधिक सहा य बरोबर बहात्तर, म्हणून पाच य बरोबर अठरा. मी मोठ्या ऐटीत सांगितले, "आई, तुझा रोज तीन रुपये साठ पैसे."

आईने माझ्याकडे पाहिले. "साठ पैसं कुठनं आलं? रोजात कधी साठ पैसं असत्यात व्हय?"

उत्तर आले की ते व्यवहारात बसते का ते पाहावे, असे पुस्तकात छापलेले असते. माझ्या बाबतीत ते काम एका निरक्षर बाईने केले. मी पुन्हा मांडणी केली, या वेळी पंगतीतल्या दुसऱ्यालाही वाढले. चोपन्न वजा तीन य अधिक सहा य बरोबर बहात्तर. तीन य बरोबर अठरा. य बरोबर सहा. क्ष बरोबर बारा. ताळा पाहिला. तीन बारे छत्तीस, सहा सक छत्तीस, मिळून बहात्तर. एक पैसाही कोणी कापला नव्हता.

मला आठवते, त्या वेळी मला आनंद झाला होता. गणित सुटले होते आणि ताळा जुळला होता. आईच्या चेहऱ्याकडे मी जरा उशिराच पाहिले.

ती बराच वेळ बोलली नाही. मग घोंगडीवर पडलेल्या बाबांना तिने विचारले, "तुमास्नी म्हाईत हुतं?"

बाबा म्हणाले, "गड्याला बारा न् बाईला सा, ह्यो गावाचाच भाव हाय."

"म्या भाव न्हाई इचारला. तुमास्नी म्हाईत हुतं का?"

"हुतं. सांगून काय झालं असतं?"

माझे वडील वाईट माणूस नव्हते. आम्हा भावंडांना शिकवण्यासाठी त्यांनी जे सोसले, त्याचा हिशेब कोणत्याही समीकरणात बसणार नाही. १९५६ नंतर धम्म घेतलेल्या पहिल्या पिढीचे ते. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर रोज हात जोडणारे. पण समतेचा विचार गावकीच्या वेशीपर्यंत नेणारा माणूस तो स्वतःच्या उंबऱ्याच्या आत नेतोच असे नाही. हे लिहिताना माझा हात अडखळतो, तरी या स्मरणिकेत ते लिहिणे मला योग्य वाटते. कोणाचे काम जड होते, हे मला आजही सांगता येणार नाही. चरकाशी बोटे जायची भीती होती, ती खरी. ओल्या चिपाडांचे भारे दिवसभर डोक्यावरून वाहून आईची मान कायमची आखडली, हेही खरे. बारा आणि सहा हे आकडे कोणी काहीही तोलून काढलेले नव्हते, एवढेच मला ठाऊक आहे. समान कामाला स्त्री-पुरुषांना समान वेतन द्यावे असा कायदा १९७६ साली देशात झाला होता, म्हणजे तोवर त्याला सात वर्षे लोटली होती. आमच्या गावच्या भावाला त्याचा पत्ता नव्हता.

सोमवारी आई आणि तिच्याबरोबरच्या तीन बाया मालकाकडे गेल्या. परवडत नसेल तर येऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले. त्या चार दिवस गेल्या नाहीत. चिपाडे ओलीच राहिली, आणि ओल्या चिपाडांवर काहील उकळत नाही. पाचव्या दिवशी निरोप आला. सात रुपये रोज ठरला. बारा नाही, नऊही नाही, सात. आईने मात्र एक गोष्ट आणखी मागून घेतली. तिचे पैसे तिच्या हातात द्यायचे. बाबा त्यानंतर बरेच दिवस घरात गप्प असत. मी सुट्टी संपवून वसतिगृहात परतले, तेव्हा मला सोडायला एस.टी. स्टँडवर आईच आली होती.

परतल्यावर मी सरांना सारे सांगितले. त्यांनी वहीतली मांडणी पाहिली, खोडलेले तीन रुपये साठ पैसेही पाहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "इतकी वर्षे तुझ्या आईला हे का कळले नाही?" मी म्हटले, तिला बीजगणित येत नव्हते म्हणून. त्यांनी मान हलवली. "बीजगणित येत असते तरी कळले नसते. दोघे नेहमी बरोबर जात. एकशे आठ आणि नव्वद, ही समीकरणे दोन दिसतात, पण भागून पाहा. दोन्ही एकच आहेत. वडील आजारी पडले, तेव्हा दुसरे समीकरण जन्माला आले."

पुढे शिवाजी विद्यापीठात इतिहासाचे एम.ए. करताना हे वाक्य मला वारंवार आठवले. साधनांची चिकित्सा म्हणजे काय, हे मी तिथल्या ग्रंथांत शिकले त्याआधीच ते मला कळलेले होते. दहा पुस्तकांत एकच गोष्ट लिहिलेली असेल आणि ती दहाही एकाच मूळ कागदावरून उतरलेली असतील, तर आपल्या हाती समीकरण एकच असते. आपल्या कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या, १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडले, १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत ते बाबासाहेबांच्या मागे उभे राहिले. आपली शाळा ज्या वाटेवर उभी आहे ती वाट तिथून येते, आणि त्याविषयीची कृतज्ञता मी वर्गात कधी लपवलेली नाही. पण मी मुलांना हेही सांगते की हुकमाचा अभ्यास केवळ हुकूम वाचून होत नाही. हुकूम हुकमातच ठेवला तर हाती हुकूमच येतो, अठरा बरोबर अठरा. एखाद्या खेड्यातल्या शाळेचे हजेरीपत्रक, वसतिगृहात राहिलेल्या मुलाची आठवण, असे काही वेगळे कुळ असलेले साधन भेटते, तेव्हाच त्या हुकमाचे खरे मोल निघते.

या पद्धतीचा इतिहास शोधण्याचा नादही मला लागला. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळी होऊन गेलेल्या महावीराचार्य या जैन गणितज्ञाच्या 'गणितसारसंग्रहा'त बाजारातले एक उदाहरण आहे. नऊ महाळुंगे आणि सात कवठे यांची किंमत १०७; सात महाळुंगे आणि नऊ कवठे यांची १०१; तर एकेकाची किंमत किती? वाचकांनी सोडवून पाहावे. इथे किंमत काढून ठेवायला गेलात तर अपूर्णांकांचे रान माजेल. दोन्ही समीकरणांची बेरीज आणि वजाबाकी करा, मग महाळुंग आठाला आणि कवठ पाचाला पडेल. कुठली पद्धत कुठे वापरावी, हेही शिकावे लागते.

बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त दोन माणसांचे उदाहरण आहे. एक म्हणतो, तू मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन. भास्कराचार्य एकच अज्ञात धरतात. एकाजवळ त्या अज्ञाताच्या दुप्पटीहून शंभर कमी, दुसऱ्याजवळ अज्ञाताहून शंभर जास्त. पहिली अट मांडणीतच पुरी झाली. दुसरीत किंमत ठेवली की अज्ञात सत्तर निघतो, म्हणजे एकाजवळ चाळीस, दुसऱ्याजवळ एकशे सत्तर. ही युक्ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा आमच्या सरांची आठवण होऊन मी एकटीच हसले.

पण त्याच ग्रंथाच्या प्रकरणांची नावे वाचून मी थबकले होते. एका अज्ञाताच्या समीकरणाला तिथे 'एकवर्ण समीकरण' म्हणतात आणि अनेक अज्ञातांच्या समीकरणाला 'अनेकवर्ण समीकरण'. आमच्यासारख्यांच्या कानाला 'वर्ण' हा शब्द लागला की पाठ ताठ होते. इथे त्याचा अर्थ रंग एवढाच आहे. अज्ञातांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिलेली आहेत. शब्दाविषयीचा माझा राग चुकीचा होता, हे मान्य करते. दुसरा एक प्रश्न मात्र राहतो. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. त्या मठाच्या दारातून माझ्या पूर्वजांपैकी कोणी आत गेला असता का? बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत शिकू दिले गेले नाही, त्यांना फारसी घ्यावी लागली. शिक्षकांनी एकदा उदाहरण सोडवण्यासाठी त्यांना फळ्याकडे बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले आपले डबे बाटतील म्हणून मुलांची धावपळ उडाली, हा प्रसंग आपण सर्वांनी त्यांच्या चरित्रात वाचला आहे. मी मुलांना फळ्याकडे बोलावते तेव्हा तो प्रसंग मला आठवतोच, आणि मुद्दाम मागच्या बाकावरच्याला आधी बोलावते.

गणिताचे शिक्षक रजेवर असले की मुख्याध्यापक अजूनही मला तासाला पाठवतात. मागे असाच एक तास घेत असताना आईची गोष्ट सांगितली. वर्गात ऊसतोड कामगारांची मुले होती. मराठवाड्यातून कोल्हापूर-सांगलीच्या कारखान्यांवर येणाऱ्या टोळ्यांत नवरा-बायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता'. मुकादमाकडून उचल कोयत्याला मिळते, टनाचा भावही कोयत्याला, आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती. एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे दुसरे समीकरण होतच नाही. वडील आजारी पडले की कोयता अर्धा धरतात आणि आईला घरी बसवतात." मी फळ्यावर लिहिले, क्ष अधिक य. पुढे बरोबरचे चिन्ह काढले आणि खडू तिच्या हातात दिला. तिने कोयत्याचा त्या दिवसाचा आकडा लिहिला. मग आम्ही दोघी बराच वेळ फळ्याकडे बघत उभ्या होतो. दोन अज्ञात आणि एकच समीकरण. क्षची किंमत कितीही धरा, य तिच्याशी जुळवून घेतो.

तिला मी तेव्हा उत्तर दिले नाही, कारण माझ्याजवळ ते नव्हते. घरी जाऊन आईने काय तोडले आणि वडिलांनी काय बांधले, याची रोज नोंद ठेवता येईल का, एवढेच विचारले. तिने दोनशे पानी वही मागितली. ती मी दिली.

माझी नववीची वही अजून माझ्याकडे आहे. आई गेली त्या वर्षी पेटी आवरताना ती सापडली. मी ती वसतिगृहात हरवली असे समजत होते, पण आईने ती जपून ठेवली होती. खोडलेले तीन रुपये साठ पैसे तसेच आहेत. त्या पानाच्या कडेला कोळशाने ओढलेल्या रेघा आहेत, काही उभ्या, काही आडव्या. उभ्या बाबांच्या दिवसांच्या आणि आडव्या तिच्या असाव्यात, असे मी मोजून काढले आहे.